चौदा स्क्रूंची फळी

धक्क्यावरच्या मिस्तरीला खऱ्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलेलं नाही. एक बायको आहे, तर ती "अहो"वर भागवते. बाकीचे सगळे त्याला बसूमिस्तरी म्हणायचे. कारण कुठल्याही बोटीवर पाय ठेवला की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं, "आधी जरा बसू." इंजिन काळा धूर ओकत असो, पंप बंद पडून बोटीत घोट्याएवढं पाणी साचलेलं असो, मालक कपाळाला हात लावून उभा असो, मिस्तरी हत्यारांची पिशवी खाली ठेवणार, गुडघ्यांवर हात टेकणार, "आई गं" असं अर्धंच म्हणणार आणि बसणार. मग पाचेक मिनिटं नुसता इकडेतिकडे बघणार. बसून बघितलं की अर्धा बिघाड आपणहून दिसतो, असं तो सांगायचा. गुडघे दुखतात, हे कधी सांगायचा नाही. ते सांगायची गरजही नव्हती, धक्क्यावरच्या मांजरांनासुद्धा ते माहीत होतं.

साठी उलटून गेली होती आणि चाळीसेक वर्षं बोटींच्या तारा ओढण्यात गेली होती. खाऱ्या हवेत तांब्याची तार सहा महिन्यांत हिरवी पडते. माणूस जरा जास्त टिकतो, एवढाच काय तो फरक. धक्क्याच्या टोकाला त्याची पत्र्याची शेड होती. भिंतीवर तारांची भेंडोळी, बिस्किटांच्या डब्यात फ्यूज, कोपऱ्यात जळक्या स्टार्टरांचा ढीग, आणि बसायला एक लोखंडी खुर्ची. तिची बैठक कधीच फाटली होती, म्हणून त्यावर एक जुनं लाइफ जॅकेट घडी करून ठेवलेलं. "बुडालो तर खुर्चीसकट वर येईन," असं तो म्हणायचा. पहिल्यांदा म्हणाला तेव्हा लोक हसले होते.

आता ज्या लाँचची ही गोष्ट, ती हेडबाईंची. बाई बत्तीस वर्षं शाळेत होत्या, त्यातली शेवटची बारा हेडबाई म्हणून. निवृत्त झाल्यावर माणसं गुडघ्यांना तेल चोळत बसतात. बाईंनी लाँच घेतली. का घेतली, याबद्दल धक्क्यावर तीन वेगवेगळ्या कथा आहेत. त्यातली सगळ्यांच्या आवडीची अशी की, पलीकडच्या काठावरच्या दवाखान्यात जायला बाई उभ्या होत्या आणि त्या वेळच्या लाँचवाल्याने त्यांना "जरा सरका की आजी" म्हटलं. आजी म्हटल्याचं बाईंना काही वाटलं नाही. "जरा सरका" मात्र लागलं. बाईंना आयुष्यात कोणी सरकायला सांगितलेलं नव्हतं. दोन महिन्यांत त्याची लाँच बाईंची झाली, आणि तो अजून त्या वाटेला फिरकलेला नाही.

वीसेक माणसं बसतील एवढी लाँच. पहिली फेरी सकाळी आठला, शेवटची दुपारी चारला. ती चालवायचा हूंभाऊ. हे नाव का, ते पाच मिनिटं त्याच्याशी बोललं की कळायचं. पाणी कसं आहे? हूं. जेवलास का? हूं. घर जळतंय तुझं. हूं. मुलगी बघायला गेला तेव्हा "पसंत आहे का?" विचारलं, तर तेव्हाही हूंच म्हणाला. तो होकार होता की नुसतं घसा साफ करणं होतं, हे आपल्याला अजून कळलेलं नाही, असं त्याची बायको स्वतःच सांगते. ती धक्क्याच्या तोंडाशी चहाची टपरी चालवायची. नवऱ्याच्या वाटणीचं बोलणंही देवाने तिलाच दिलेलं. सगळा धक्का तिला वहिनी म्हणायचा, आणि धक्क्यावर कोणाचं काय चाललंय ते तिच्या टपरीवर कळायचं. त्या आठवड्यात मात्र उलटं झालं. ती चहा ओतायला आली की लोक एकदम गप्प बसायला लागले.

झालं होतं ते असं. लाँचचा डिझेलचा काटा कित्येक वर्षं मेलेला होता. हूंभाऊ टाकीच्या तोंडातून लाकडी काठी घालायचा, ओली खूण बघायचा आणि तेवढ्यावर लाँच चालवायचा. कोणाचं काही अडत नव्हतं. आठ महिन्यांपूर्वी बाईंच्या मनात आलं, की गाडी आहे तर काटा हवा. बसूमिस्तरीने नवा काटा बसवला, टाकीत नवा फ्लोट टाकला. फ्लोट म्हणजे दांडीच्या टोकाला लावलेला एक तरंगता गोळा. डिझेल खाली गेलं की तो खाली येतो, आणि त्याच्या इशाऱ्यावर समोरचा काटा हलतो. काटा चालायला लागला आणि बाईंची संशय घ्यायची सोय झाली.

बाईंनी सुनेची लाल नेलपॉलिशची बाटली पर्समध्ये ठेवली. चारच्या फेरीनंतर यायचं, किल्ली फिरवायची, काटा जिथे असेल तिथे काचेवर एक लाल ठिपका द्यायचा आणि किल्ली घरी न्यायची. सकाळी साडेसहाला, शाळेच्या पहिल्या घंटेची सवय मोडली नव्हती ना, पुन्हा हजर. किल्ली फिरवून काटा ठिपक्यावर आहे का बघायचं आणि मगच किल्ली हूंभाऊच्या हातात द्यायची.

दहा-बारा दिवस काटा ठिपक्यावर असायचा. मग तीन-चार दिवस असे यायचे, की सकाळी काटा ठिपक्याच्या पाव टाकी खाली. आणि गंमत म्हणजे आठला इंजिन सुरू केलं की काटा परत ठिपक्यापाशी! बाईंनी हे महिनोन् महिने बघितलं, कोणाला बोलल्या नाहीत. पण त्यांनी एकदा धक्क्यावरच्या बर्फवाल्याला सहज विचारलं, आणि बर्फवाल्याला सहज विचारणं म्हणजे कर्णा लावून विचारणं.

बर्फवाल्याने घटकाभरात उलगडा केला. "त्यात काय कळायचंय, बाई? रात्री चांगलं डिझेल काढून विकतो. सकाळी तुम्ही गेलात की रॉकेल मिसळून तेवढंच भरतो. धूर बघितलात ना लाँचचा?"

लाँचचा धूर ती बांधली तेव्हापासून काळाच होता. पण आता तो पुरावा झाला.

"आणि दिवस कुठले?" बर्फवाला बोटांवर मोजत म्हणाला. "पौर्णिमा आणि अमावास्या. उधाणाचे दिवस. त्या दिवसांत पाणी जेवढं चढतं तेवढंच उतरतं. पहाटे लाँच बांधता तो सगळा कोपरा उघडा पडतो, कॅन घेऊन चालत जाता येतं. डोकं आहे हो त्याला. उगीच गप्प नसतो!"

बुधवारी सकाळी, आठच्या फेरीची माणसं चढत असताना, बाई हूंभाऊला म्हणाल्या, "शनिवारपासून किल्ली तुला मिळणार नाही. मी दुसरा माणूस बघते. पोलिसांत जात नाही, अकरा वर्षं काम केलंस म्हणून." हेडबाईंचा आवाज. शेवटच्या बाकापर्यंत जाणारा.

हूंभाऊने बाईंकडे बघितलं, लाँचकडे बघितलं आणि म्हणाला, "हूं."

झालं! कबुली दिली, असं धक्का म्हणाला. चोर म्हणून एका लाँचवरून उतरवलेल्या माणसाला त्या काठावर कोणी दुसरी बोट देणार नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बोटीशिवाय हूंभाऊला दुसरं काहीच येत नव्हतं, हेही.

गुरुवारी वहिनी मिस्तरीच्या शेडमध्ये आली. हातात चहाचा पेला होता, पण द्यायचा विसरली. मागे हूंभाऊ, दारातल्या खांबासारखा.

"भावजी, तुम्ही तो काटा बघा."

"आधी जरा बसू," मिस्तरी म्हणाला.

"तुम्ही बसलेलेच आहात!"

"मग तू बस."

"मला बसायला वेळ नाही. शनिवारी ह्यांची किल्ली जातेय. काल त्या बर्फवाल्याने माझ्याच टपरीवर, माझाच चहा पिऊन, 'चहाला रॉकेलचा वास येतोय का रे' असं विचारलं. हसले सगळे. तुम्हीपण होतात तिथे."

मिस्तरी होता तिथे. हसला नव्हता. पण उठलाही नव्हता. दिवसभर दोन बोटींचे पंप उघडून हात गळून गेले होते, आणि उठून बर्फवाल्याशी भांडायचं म्हणजे आधी उठायला हवं.

"बघतो," तो म्हणाला. "दुपारी येतो."

तेव्हा हूंभाऊ बोलला. "सकाळी या."

वहिनीने वळून नवऱ्याकडे असं बघितलं, जसं खांबानेच तोंड उघडलंय.

"सकाळी माझे गुडघे माझं ऐकत नाहीत रे बाबा," मिस्तरी म्हणाला. "दुपारी येतो. काटा सकाळी काय नि दुपारी काय, काटाच."

हूंभाऊने तोंड उघडलं, मिटलं. "हूं."

दुपारी साडेतीनला मिस्तरी लाँचवर गेला. बाई आल्या होत्या, छत्रीच्या टोकाने लाकडावर टकटक करत उभ्या होत्या. बर्फवाला बर्फ वितळायची चिंता सोडून काठावर उभा होता. मिस्तरी बसला, पाच मिनिटं बसला, मग कामाला लागला.

काट्याच्या मागची फ्लोटची तार काढली, काटा एका टोकाला गेला. तीच तार लाँचच्या अर्थिंगला टेकवली, काटा दुसऱ्या टोकाला गेला. म्हणजे काटा ठीक. अर्थिंगची टोकं घासून बघितली, स्वच्छ होती; त्याचंच काम होतं, आठ महिन्यांपूर्वीचं. मीटर लावून तारेचा प्रवास इंचाइंचाने तपासला. कुठे तुटकी नाही, कुठे गंज नाही. शेवटी हूंभाऊची जुनी काठी मागून घेतली, टाकीच्या तोंडातून आत घातली, बाहेर काढली. ओली खूण अर्ध्याच्या जराशी वर. काटाही अर्ध्याच्या जराशी वर.

सगळा धक्का त्या काठीकडे बघत होता.

"काय रे?" बाई म्हणाल्या. मिस्तरी चौथीत बाईंच्या वर्गात होता, आणि दोनदा होता. त्यामुळे बाईंच्या तोंडी तो अजून 'काय रे'च होता. "काटा खोटा आहे?"

त्याला बरं वाटलं असतं खोटा म्हणायला. पण मीटर हातात होता, काठी हातात होती, आणि दिवसाच्या त्या वेळेला त्याच्यात नवीन काही रचायची ताकद नव्हती. "नाही, बाई. काटा बरोबर आहे."

"म्हणजे काटा खोटं बोलत नाही."

"नाही, बाई."

"संपलं," बर्फवाला म्हणाला आणि बर्फाकडे गेला.

वहिनी काही बोलली नाही. हे त्या धक्क्यावर कधी घडलं नव्हतं. तिने टपरीवर जाऊन चुलीवरचं पातेलं उतरवलं, पेले पालथे घातले आणि दिवेलागणीच्या आधीच घरी गेली.

मिस्तरीही घरी गेला. दिवाणावर पाय लांब करून छताकडे बघत राहिला. बायकोने गरम पाण्याची पिशवी गुडघ्यावर ठेवली, दाबून ठेवली, जरा जास्तच दाबली.

"ऐकलं मी," ती म्हणाली. "चांगलं काम करून आलात."

"मी काय करू? काटा खरा होता."

"आणि तो?"

"तोही खरा वाटतो."

"मग दोघं खरे असतील तर खोटं कोण? तिसरं कोणीतरी असेल ना?"

"मला माहीत नाही गं. मी दमलोय."

"तुम्ही लग्नाच्या दिवसापासून दमलाय. तो काही म्हणाला नाही?"

"'सकाळी या' म्हणाला."

बायकोचा हात पिशवीवरच थांबला. "हूंभाऊ म्हणाला? दोन शब्द?"

"दोन."

"आणि तुम्ही दुपारी गेलात." ती उठली आणि गजराचं घड्याळ त्याच्या उशाशी आणून ठेवलं. ते दोघं त्या घड्याळाला शत्रू मानायचे. मुलगी शाळेत होती तेव्हाचं होतं ते. "गुडघ्यांचं मी बघते. नाही उठले तर ओढीन."

ओढावं लागलं नाही, ढकलावं लागलं. शुक्रवारी सकाळी सहाला, अंगात स्वेटर आणि तोंडात एकही शब्द नाही, असा मिस्तरी धक्क्याच्या मागच्या कोपऱ्यात पोचला. पौर्णिमा होऊन दोन दिवस झाले होते. कोपऱ्यातलं पाणी पार उतरलं होतं, चिखल उघडा पडला होता, आणि लाँच त्या चिखलात डाव्या कुशीवर कलली होती. दमून आडव्या झालेल्या म्हशीसारखी. शेजारी आणखी दोन होड्या तशाच. महिन्यातून दोनदा त्या कोपऱ्यातल्या सगळ्या बोटी अशा कलतात, आठच्या सुमाराला पाणी भरलं की आपणहून सरळ होतात. धक्क्यावर जन्मलेल्या माणसांना ते दिसेनासं झालेलं. बाकीच्यांच्या बोटींना काटाच नव्हता, ते काठीवाले.

हूंभाऊ काठावर बसला होता. बहुधा कालपासून. त्याने हात धरून मिस्तरीला लाँचवर उतरवलं. तिरक्या लाकडावर मिस्तरीचा पाय घसरला, तो डावीकडे सरकत गेला आणि टाकीपाशी जाऊन धप्पकन बसला.

"आधी जरा बसू," तो म्हणाला. सवयीने. बसलेलाच होता.

किल्ली बाईंकडे होती, पण किल्लीशिवाय काटा कसा जागा करायचा ते मिस्तरीला शिकवायची गरज नव्हती. काट्यामागच्या दोन तारा टोकाला टोक लावल्या. काटा उठला आणि लाल ठिपक्याच्या पाव टाकी खाली थांबला. हूंभाऊने न सांगता काठी पुढे केली. मिस्तरीने ती टाकीच्या मधल्या तोंडातून घातली, काढली. ओली खूण जवळपास काल होती तिथेच. अर्ध्याच्या जराशी वर.

काठी एक म्हणत होती, काटा दुसरं. मिस्तरी बसल्या जागेवरून बघत राहिला. टाकी लाँचच्या रुंदीभर आडवी, बसायच्या बाकाखाली. लाँच डावीकडे कललेली; म्हणजे आतलं डिझेलही डावीकडे गेलेलं. मधे काठी घातली तर पातळी तीच. पण उजव्या टोकाला? उजव्या टोकाला डिझेल उतरलेलं असणार. आणि तिथे, टाकीच्या उजव्या टोकाला, पाच नव्याकोऱ्या स्क्रूंनी बसवलेला तो फ्लोट चमकत होता.

फ्लोटची जागा ती नव्हती. त्याची जागा मधे होती, बाकाच्या फळीखाली.

मिस्तरीने डोळे मिटले. ती दुपार त्याला जशीच्या तशी आठवली. ऊन होतं. मधलं भोक फळीखाली होतं, आणि फळीला चौदा स्क्रू होते, सगळे गंजलेले. चौदा स्क्रू म्हणजे गुडघ्यांवर दीड तास. त्याने एक स्क्रू फिरवून बघितला, हलला नाही. मग त्याला टाकीच्या उजव्या टोकाला झाकण लावलेलं एक भोक दिसलं. टाकी साफ करायला ठेवलेलं. तिथे बसल्या बसल्या हात पोचत होता. मधला जुना फ्लोट होता तिथेच ठेवला, मेलेला, आणि नवा ह्या भोकात बसवला. बॅटरी धरून उभा असलेल्या हूंभाऊने फळीकडे बोट दाखवून "हूं?" असं विचारलंही होतं.

"चालतं रे," मिस्तरी म्हणाला होता.

चाललं होतं. लाँच सरळ असेपर्यंत अगदी बरोबर चाललं होतं.

"तुला माहीत होतं?" त्याने डोळे उघडून हूंभाऊला विचारलं.

हूंभाऊने मान हलवली. नाही. मग चिखलाकडे बोट दाखवलं, काट्याकडे दाखवलं आणि खांदे उडवले. सकाळी काहीतरी होतं, एवढंच त्याला ठाऊक होतं. ते समजावून सांगायला जेवढे शब्द लागले असते, तेवढे त्याच्या जवळ कधीच नव्हते.

दूर, धक्क्याच्या तोंडाशी, बाई दिसल्या. छत्री, पर्स, आणि रस्ता आपल्या बापाचा असल्यासारखी चाल. मागून वहिनीही येत होती, टपरी उघडायला. टपरीपाशी थांबली नाही, तशीच पुढे आली. चार-पाच मिनिटं होती.

आता मिस्तरी काही साधुसंत नव्हता. त्या चार-पाच मिनिटांत त्याने दोन-तीन थापा मनात फिरवून बघितल्या, जसे हातात स्पॅनर फिरवून बघतो कुठला बसतो ते. तार सैल होती, आता घट्ट केली. पण काल चार लोकांसमोर तार तपासली होती. फ्लोटच कारखान्यातून बिघडलेला आला. मग बाई म्हणणार, दाखव काढून. काढला की भोक दिसणार, भोक दिसलं की फळी उचला म्हणणार, फळीखाली जुना फ्लोट. त्याचं काय सांगायचं? मग त्यासाठी आणखी एक थाप. आणि ह्या सगळ्या थापा पुढे लक्षात ठेवायच्या, बायकोसमोर वेगळ्या, बर्फवाल्यासमोर वेगळ्या. जुन्या बोटीसारखी दरवर्षी त्यांची डागडुजी करायची. त्या विचारानेच त्याचे खांदे पडले. एवढी मेहनत ह्या वयात कोण करणार?

खरं एकदा सांगितलं की संपतं. नंतर बसता येतं.

बाई काठावर आल्या. "तू इथे काय करतोयस रे?"

"बाई, काठीवर किती आहे बघा. आता काटा बघा."

बाईंनी चष्मा लावून दोन्ही बघितलं. तपासताना पेपर बघावा तसं, एकदा वरून, एकदा खालून. "काल दोन्ही सारखं होतं."

"काल लाँच सरळ होती. आज कललीय. डिझेल त्या बाजूला गेलं, आणि फ्लोट ह्या बाजूला आहे. कोणी काही काढलेलं नाही, कोणी काही भरलेलं नाही. पाणी चढलं की लाँच सरळ होते आणि काटा परत वर येतो. उधाणाच्या दिवसांतच होतं हे. कारण त्या दिवसांतच ह्या कोपऱ्यातलं पाणी इतकं उतरतं, आणि ते नेमकं तुमच्या येण्याच्या वेळेला."

बाईंनी छत्रीचं टोक फ्लोटकडे केलं. मग म्हणाल्या, "फ्लोट ह्या बाजूला का आहे?"

आलाच तो प्रश्न. "तिथे बसवायचा नसतो, बाई. मधे बसवायचा असतो. ही फळी काढावी लागते त्याला. मी काढली नाही."

"का?"

"चौदा स्क्रू आहेत."

"मग?"

"कंटाळा केला, बाई."

साठीतला माणूस, पण मान खाली घालून बसला होता. बाई त्याच्याकडे इतका वेळ बघत राहिल्या की वहिनीलाच राहवलं नाही.

"चौदा स्क्रू!" ती म्हणाली. "चौदा स्क्रूंपायी माझा नवरा चोर? काय हो भावजी, पंधरा असते तर फाशी दिली असतीत का?"

"वहिनी, तू म्हणशील ते."

"मी काय म्हणू? माझं म्हणून झालंय सगळं. दोन रात्री भिंतीला म्हणत होते." तिचा आवाज एकदम खाली आला. तीही दमली होती.

बाईंनी पर्स उघडली, किल्ली काढली आणि हूंभाऊसमोर धरली. "ही आता रात्रीही तुझ्याकडेच ठेव. आणि..." पुढचा शब्द बाईंच्या ओठांपर्यंत आला आणि तिथेच अडला, बत्तीस वर्षांत वापर नव्हता त्याचा. "माझं चुकलं," त्या हळूच म्हणाल्या.

"हूं," हूंभाऊ म्हणाला.

"हूं काय, हूं?" वहिनी उसळली. "बाई, तुम्ही ह्यांना बोललात ते आठच्या फेरीसमोर बोललात. चोर म्हणताना सगळा धक्का, आणि चुकलं म्हणताना कानात?"

बाईंनी तिच्याकडे बघितलं. धक्क्याला वाटलं असतं, आता हिचं काही खरं नाही. पण बाई फक्त म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं."

आठला पाणी भरलं, लाँच सरळ झाली, काटा ठिपक्यावर आला. माणसं चढायला लागली, तेव्हा बाई बाकावर छत्री आपटून उभ्या राहिल्या आणि शाळेच्या मैदानावर बोलाव्या तशा बोलल्या. ह्या माणसाने थेंबभर डिझेल चोरलेलं नाही. काटा चुकीच्या जागी बसला होता, आणि मी न तपासता ह्याला चोर म्हटलं. बर्फवाल्यालाही नाव घेऊन पुढे बोलावलं. तो बर्फ वितळतोय म्हणाला. "वितळू दे," बाई म्हणाल्या. मिस्तरीचं नाव मात्र बाईंनी घेतलं नाही. ते मिस्तरीने स्वतःच घेतलं, बसूनच, मागच्या बाकावरून: "फ्लोट मी बसवला होता. आळस केला." लोक वळले, बघितलं, दोघं-तिघं हसले आणि लाँच सुटली.

त्याने सगळं धुऊन निघालं असं नाही. चोर हा शब्द चिकटायला पळभर लागतो, पण सुटायला नुसत्या घोषणेवर भागत नाही. अजूनही एखादा उतारू उतरताना धुराकडे बघून नाक आक्रसतो. पण वहिनीच्या टपरीवर ती आली की लोक गप्प बसायचे, ते थांबलं. आता मिस्तरी आला की गप्प बसतात, मग कोणीतरी हळूच म्हणतं, "चौदा." बसूमिस्तरी हे नाव चाळीस वर्षं टिकलं होतं, एका आठवड्यात पुसलं गेलं. तो काही म्हणत नाही. वाद घालायचा म्हणजे परत तेच, आधी उठायला हवं.

फळी त्याच दिवशी चारच्या फेरीनंतर काढली. नऊ स्क्रू तेल सोडून, शिव्या घालून निघाले. पाचांची डोकी तुटली, ती छिन्नीने उडवावी लागली. दोन तास गेले. फळीखाली जुना फ्लोट गंजून चिमणीएवढा झाला होता. तो काढला, नवा तिथे मधोमध बसवला. बाजूच्या भोकाला परत झाकण लावलं. मिस्तरीचे गुडघे एव्हाना गुडघे राहिले नव्हते, ते कोणा दुसऱ्याचे होते आणि तो दुसरा रडत होता. त्याने फळी ठेवली, चारी कोपऱ्यांना एकेक नवा स्क्रू पिळला आणि लाकडाला पाठ टेकवली.

"चार पुरेत," तो म्हणाला. "हलत नाही ती. पुढच्या वेळी काढायलाही सोपं."

हूंभाऊ समोर बसला होता. त्याने त्या चार स्क्रूंकडे बघितलं. मग त्याने हात पुढे केला आणि मूठ उघडली. तळहातावर नवे दहा स्क्रू होते.

"अरे, दहा कशाला?"

"हूं," हूंभाऊ म्हणाला.

त्याचं हूं कधी कोणाला नीट कळलं नव्हतं, पण हे कळलं. मिस्तरीने एक मोठा श्वास सोडला, "आई गं" असं ह्या वेळी पूर्ण म्हटलं, आणि पाचवा स्क्रू उचलला.